तुम्ही विचारलंत म्हणून : तत्त्वज्ञान शिकून फॉर्म कशाला भरता?

दरवर्षी पावसाळ्यात एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, दोन-तीन मुलं आमच्या रुग्णालयात फील्डवर्कला येतात. पहिले आठ दिवस गुपचूप नोंदी करतात, आणि मग एखाद्या दिवशी चहाच्या वेळी प्रश्न येतोच : "मॅडम, तुम्ही बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं ना? त्याचा इथे काय उपयोग?" सासूबाईंचाही प्रश्न तोच, फक्त त्या तो कमी लाजत विचारतात : "एवढं कांट-बिंट वाचून शेवटी फॉर्मच भरतेस ना गं?"

भरते की. धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेविकेचा निम्मा दिवस फॉर्मातच जातो. १० टक्के खाटा निर्धनांसाठी, उपचार मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असलं तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असलं तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड, आधार, त्यावर माझी सही, की फाइल बिलिंगला.

उपयोगाचं सांगते, पण त्याआधी माझ्या दोन चुका सांगायला लागतील.

नोकरीचं पहिलं वर्ष. शिरूरकडची एक बाई नवऱ्याच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी अर्ज घेऊन आली होती. कागद चोख होते. बिलिंगवाले म्हणाले, "गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र आहे, आणि निर्धन?" मी बाहेर आले आणि विचारलं, "मावशी, हे सोन्याचं आहे का?" आमच्या खोलीला तेव्हा छातीएवढी पार्टिशन होती. पलीकडच्या बाकावर तिचे व्याही बसलेले. ती खाली बघत म्हणाली, "बेन्टेक्सचं हाय." खरं कधीच गहाण पडलेलं, आणि तो दिवस येईपर्यंत लेकीच्या सासरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. फाइल पास झाली. जाताना तिने मला हात जोडले, ते मला अजून सहन होत नाही.

गंमत अशी, की याच विषयावर मी परीक्षेत चांगले मार्क मिळवले होते. इंग्लंडमधल्या १६०१ च्या गरिबांच्या कायद्याने गरिबांच्या वाटण्या केल्या : म्हातारेकोतारे-अपंग एकीकडे, धडधाकट दुसरीकडे, आणि काम टाळणारे तिसरीकडे, शिक्षेला पात्र. १८३४ मध्ये त्यात सुधारणा झाली. म्हणायचं म्हणून सुधारणा. मदत घेणाऱ्याची अवस्था स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या सगळ्यात गरीब मजुराहूनही वाईट असली पाहिजे, असं तत्त्वच ठरलं. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून आले होते. बिलिंगवाल्यांनी त्यातलं काहीही वाचलेलं नव्हतं आणि मी सगळं वाचलेलं होतं, तरी मंगळसूत्राचा तो प्रश्न माझ्याच तोंडून गेला. विचार पुस्तकात ओळखता येतो. तोच आपल्या जिभेवर येऊन बसला की ओळखू येत नाही.

दुसरी चूक मिलच्या नावावर. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ, त्याचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक १८५९ चं. बीएच्या दुसऱ्या वर्षी आम्ही सात जण होतो वर्गात, आणि सातही जण त्यावर फिदा. माणसाच्या स्वतःच्या देहावर आणि मनावर त्याचीच सत्ता! पुढे एमएसडब्ल्यूला बिएस्टेक भेटला. अमेरिकेतला जेझुइट पाद्री, १९५७ मध्ये त्याने मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातल्या नात्याची सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक स्वनिर्णयाचं. मला वाटलं, जमलं, मिलच पांढरा कोट घालून आला.

स्तनातल्या गाठीसाठी एक पन्नाशीच्या बाई दाखल झाल्या होत्या. ऑपरेशनच्या संमतीची वेळ आली तेव्हा मी नवऱ्याला आणि मुलाला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि म्हटलं, "निर्णय तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं?" बाई दाराकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, माझं काही खरं नाही का?"

एकटीला बोलावून विचारतात, म्हणजे वाचत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. सकाळी खाट रिकामी. केसपेपरवर डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी. दिलेला नंबर लागला नाही.

यानंतर बरेच दिवस मी मिलवर रागावून होते. त्या रागात जुन्या नोट्स काढल्या आणि एक गोष्ट दिसली. आपल्याकडे समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं, ते नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकाराने. साहजिकच पद्धतीची पुस्तकं तिकडची आली. त्यामुळे आमच्या अभ्यासक्रमात बिएस्टेक 'पद्धती'च्या पेपरात होता आणि जोतिराव फुले 'समाजसुधारणेच्या इतिहासा'च्या. फुल्यांवर टीप लिहायची, बिएस्टेक वापरायचा.

आता १८६३ चं पुणं बघा. फुले पती-पत्नींनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि गावात जाहिराती लावल्या. विधवांनी इथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांच्या खुषीवर, ठेवलं तर त्याची काळजी इथे घेतली जाईल, असा मजकूर. मिलच्या पुस्तकानंतर चारच वर्षं, आणि बिएस्टेकच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. स्वनिर्णय आहे, गुप्तता आहे, आणि बोल लावणं नाही. शिवाय मी जे विसरले होते तेही आहे : निर्णय तिचा, पण तो पेलण्याची सोय आधी करून ठेवलेली. तिथेच जन्मलेला एक मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. मी त्या बाईंना निर्णय दिला आणि आधार दाराबाहेर काढला. फुल्यांचं हे काम म्हणजे टीप नव्हे हो, ही पद्धत आहे. आमच्या प्राध्यापकांनी ती कुठल्या पेपरात घातली, यावरून मला एका पेशंटची किंमत मोजावी लागली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण थोडं म्हणतेच.

तर उपयोग हा एवढाच. दागिन्यांचं मी आता विचारत नाही. बिलिंगशी वर्षातून दोनदा भांडण होतं, होऊ दे. पार्टिशन छतापर्यंत गेली. आणि संमतीच्या वेळी मी कुणालाही आपणहून बाहेर घालवत नाही. विचारते, "ठरवताना जवळ कोण हवं?" उत्तरं कशीही येतात. कुणाला फोनवर बारामतीची बहीण हवी असते. कुणाला खरंच कोणी नको असतं, मग दार लावायचं.

परवा एका आजींनी दोन्ही मुलांना हाताने खूण करून बाहेर बसवलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना बोलावलं. ओळख तीन दिवसांची. दोघी बराच वेळ कुजबुजल्या, आजींनी सही केली, साक्षीदार म्हणून त्या बाईंनी. फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना आहे. फील्डवर्कची मुलगी पेन धरून माझ्याकडे बघायला लागली, मीही अडखळले.

आजीच म्हणाल्या, "शेजारीण लिही की."