आज कोणाचं वाजलं?

"बाबा, तब्येत सोडून काहीही बोला. घरात आज कोणाचं वाजलं?" व्हिडिओ कॉल लागताच वहिनी म्हणाली.

केमोनंतर तिच्या पांढऱ्या पेशी घटल्यात. संसर्गाची भीती, म्हणून भेटायला मनाई. मग आम्ही फोनच्या पाळ्या लावल्यात. ती लवकर थकते, त्यामुळे एका वेळी एकच जण, तेही थोडाच वेळ.

आणि जो तो तेच विचारणार. जेवलीस का, उलटी झाली का, ताप आहे का. त्यापेक्षा डॉक्टर परवडले!

आज बाबांची पाळी होती. फोनवर "हं, बरं, ठेवतो" यापलीकडे न जाणारा माणूस. त्यांनी गंभीर चेहऱ्याने आईची तक्रार मांडली. चष्मा म्हणे ती हलवते आणि शोधत बसायचं यांनी. मागून आई ओरडली, "डोक्यावरच होता!" वहिनीने लगेच निकाल दिला, आईच्या बाजूने. वर सासऱ्यांना दोन शब्द सुनावले. आवाज क्षीण होता, पण ठसका जुनाच.

त्रास नको म्हणून आपण आजारी माणसापासून घरातल्या कटकटी लपवतो. त्यात तो हळूहळू घराबाहेरच पडत असेल का?

बाबांचे मनापासून आभार. उद्या माझी पाळी आहे. माझ्याशी भांडायला कोण तयार आहे?