पुठ्ठ्याचा सह्याद्री : कळसूबाईचा बोर्ड पूर्ण

पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून मी सह्याद्रीची प्रतिकृती करतोय, एकेक भाग एकेका बोर्डावर. काल रात्री कळसूबाईचा शेवटचा तुकडा चिकटवला. 1600 मीटरच्या समोच्च रेषेच्या (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या) आत उरतो तो डाळीच्या दाण्याएवढा ठिपका. चिमट्यानं धरून बसवला. वरच्या 46 मीटरसाठी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन पदर लावले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. प्रमाण 1 : 50,000, म्हणजे एक किलोमीटरचे 2 सेंटीमीटर. अप्पा बळवंत चौकातून आणलेला पुठ्ठा 2 मिलिमीटर जाड, म्हणून एक थर म्हणजे बरोबर 100 मीटर. उंची दुप्पट करून दाखव, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. दिवाळीच्या किल्ल्याला आपण हवी तेवढी उंची देतोच, पण इथे मला खरं माप हवं होतं. ते धरल्यामुळेच काही गोष्टी दिसल्या. पुणे साधारण 560 मीटरवर, सिंहगड 1312. म्हणजे शहरातून एवढा भक्कम दिसणारा सिंहगड शहराच्या वर फक्त दीड सेंटीमीटर. पहिल्या बोर्डावरचा तोरणा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, 1403 मीटर. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पट्टी लावली, तर कळसूबाई, राज्यातलं सर्वोच्च शिखर, तोरण्याच्या वर जेमतेम 5 मिलिमीटर! केरळातली अनाईमुडी (2695 मीटर) केली, तर ती एकटीच 54 मिलिमीटर भरेल.

कापताना सगळ्यांत जास्त वेळ गेला तो घाटमाथ्याच्या कड्यावर. कोकणाच्या बाजूला पाच-सहा थरांच्या कडा एकमेकींना खेटून येतात, मध्ये मिलिमीटरभर जागा मिळाली तरी नशीब. पूर्वेला तेच थर ऐसपैस पसरतात. पण शिखरं या कड्यावरच असतील, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग ही मुख्य धारेपासून फुटलेल्या फाट्यावर आहेत. तोरणा आणि राजगडही तसेच, आणि पुरंदर तर भुलेश्वरच्या रांगेत आणखी पूर्वेला. हरिश्चंद्रगड मात्र थेट कड्यावर. त्याचा कोकणकडा कापायची मला आत्तापासून ओढ लागली आहे.

एक फटका बसला. आषाढातल्या दमट हवेत 800 आणि 900 चे थर फेव्हिकॉल लावल्यावर होडीसारखे वाकले. वर जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवून दोन दिवस दाबले, तरी भंडारदऱ्याच्या बाजूचा कोपरा उचललेलाच राहिला. तो कापून नवा घातला. आता फेव्हिकॉल पाणी न घालता, पातळ थरात लावतो आणि कडांना कपड्याचे चिमटे.

थरांच्या पायऱ्या कागदाच्या लगद्यानं बुजवून उतार गुळगुळीत करायचा बेत होता. तो सोडला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा दगड झाला. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून वर बघितलं की कातळाच्या अशाच आडव्या पट्ट्या दिसतात. पुठ्ठ्याच्या पायऱ्या उघड्याच बऱ्या दिसतात. फक्त राखाडी रंगाचा एक हात देणार आहे.

पुढचा बोर्ड बागलाणातला, साल्हेरचा: 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. नकाशा पुठ्ठ्यावर उतरवून झाला आहे, 300 चा थर रविवारी कापायला घेतो.