पी 0171 : उडवला तरी परत येणारा कोड

डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागायचा, गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड उडवला की विझायचा आणि काही दिवसांनी, बहुधा सकाळच्या घाईतच, पुन्हा लागायचा, असा क्रम आमच्या व्हॅनच्या बाबतीत हिवाळाभर चालला होता. गाडी 2014 सालची, पेट्रोलवरची, सात आसनांची आहे. पुढची सीट उचलली की खाली इंजिन, ही ओम्नीपासून चालत आलेली रचना तिच्यातही आहे. सगळ्या घराला वणीला किंवा त्र्यंबकला एकाच गाडीतून जाता यावे म्हणून ती घेतली होती आणि ते काम ती अजून विनातक्रार करते. त्यामुळे ‘आता जुनी झाली, काढून टाका’ हा सल्ला मी ऐकून घेतला आणि तिथेच सोडून दिला.

प्रत्येक वेळी कोड एकच निघत होता, पी 0171. त्यावर गॅरेजने आधी एअर फिल्टर बदलला, मग प्लग बदलले आणि शेवटी ‘सेन्सरच खराब आहे’ असे ठरवून पुढचा ऑक्सिजन सेन्सरही नवा बसवला. सेन्सरची किंमत काही थोडी नव्हती. नवा सेन्सर बसल्यावर दिवा विझला, आणि नेहमीप्रमाणे परत आला. या कामात लबाडी होती असे मी म्हणणार नाही, परंतु विचार नव्हता हे नक्की. स्कॅनरवर उमटणारा कोड हे बिघडलेल्या पार्टचे नाव नसते. कॉम्प्युटरला काय खटकले, एवढेच तो सांगतो. पी 0171 चा अर्थ इतकाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे असे त्याला दिसते आणि ते भरून काढताना त्याची मर्यादा संपली आहे.

हे भरून काढणे कसे चालते ते समजले की पुढचा शोध सोपा होतो. पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाच्या हिशेबाने एका भागाला सुमारे 14.7 भाग हवा लागते. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे पुढचा सेन्सर पाहतो. ऑक्सिजन उरला असेल तर त्याचे व्होल्टेज 0.1 च्या आसपास उतरते, पेट्रोल जास्त झाले असेल तर 0.9 पर्यंत चढते, आणि धडधाकट गाडीत ते या दोन टोकांमध्ये सतत वरखाली होत राहते. त्या वरखाली होण्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडे ठेवण्याचा वेळ थोडा वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. त्या त्या क्षणाची दुरुस्ती वेगळी आणि अनुभवाने शिकून साठवलेली दुरुस्ती वेगळी. दोन्हींची बेरीज अधिक 20 ते 25 टक्क्यांच्या घरात गेली आणि तिथेच राहिली की बहुतेक गाड्यांमध्ये पी 0171 नोंदला जातो.

कोड उडवल्यावर दिवा काही दिवस का विझतो, याचे उत्तरही इथेच आहे. कोडबरोबर कॉम्प्युटरने शिकून साठवलेली दुरुस्तीही पुसली जाते. गाडी पुन्हा शून्यापासून शिकू लागते, ट्रिम हळूहळू चढतो, आणि तोच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये दिसल्याशिवाय हा दिवा लागत नसल्यामुळे मध्ये काही दिवस शांततेचे जातात. त्या शांततेला आपण दुरुस्ती समजतो. त्याहून मोठे नुकसान असे, की दोष नोंदताना गाडीची जी स्थिती कॉम्प्युटरने टिपून ठेवलेली असते, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही कोडबरोबर पुसली जाते. म्हणजे गाडी नेमकी कधी आणि कशी चालत असताना दोष दिसला, याचा एकमेव लेखी पुरावा प्रत्येक खेपेला आपल्याच पैशांनी नाहीसा होत होता.

म्हणून मी ब्लूटूथवर चालणारा एक स्वस्त स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो खोचायचा आणि मोबाइलमधल्या ॲपवर आकडे वाचायचे. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदून ठेवण्याची ही व्यवस्था, सक्तीची झाली ते 2013 च्या एप्रिलपासून, त्यामुळे त्यानंतरच्या कोणत्याही पेट्रोल गाडीवर हा प्रयोग सहसा जमतो. पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा कोड न उडवता मी आधी फ्रीझ फ्रेम वाचली. वेग शून्य, इंजिनचे फेरे 850 च्या आसपास, कूलंटचे तापमान 70 अंशांच्या आत. याचा अर्थ गाडी सुरू करून थोडाच वेळ झालेला, पुरती तापलेली नाही आणि सिग्नलला उभी आहे. कसाऱ्याच्या चढावर किंवा महामार्गावर हा दोष कधीच नोंदला गेला नव्हता.

त्यानंतर गाडी उभी ठेवून ट्रिमचे आकडे पाहिले. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, बेरीज अधिक 22 च्या आसपास होती, आणि ॲक्सिलरेटर दाबून फेरे 2500 वर धरले की ती सात-आठवर उतरत होती. हा उतार फार बोलका असतो. फ्युएल पंप अशक्त झाला असता किंवा फिल्टर चोंदला असता तर उलट चित्र दिसले असते, कारण पेट्रोलची मागणी वाढेल तसा तुटवडा वाढतो. घाटात गाडी दम टाकू लागली असती. आमची गाडी इगतपुरीकडे चढताना पूर्वीसारखीच ओढत होती.

हल्ली कोणत्याही दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे, आणि मलाही तो सल्ला पेट्रोल पंपापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे मिळाला. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी 14.7 चे प्रमाण सुमारे 13.5 वर येते आणि जुन्या हिशेबाने बसवलेल्या गाडीच्या कॉम्प्युटरला काही टक्के पेट्रोल जास्त सोडावे लागते. परंतु ही वाढ आयडलवरही तेवढीच आणि 2500 फेऱ्यांवरही तेवढीच असायला हवी. इथेनॉलने सात-आठचा आकडा समजावून सांगता येतो, बावीसचा नाही.

उरली हवेची गळती. साधारणतः पी 0171 म्हटले की इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, रबरी नळ्या तपासतात, आणि ज्या गाड्यांमध्ये आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असतो त्यांच्यात ते योग्यच आहे. मोजणी झाल्यानंतर फटीतून शिरलेली हवा तिथे हिशेबाबाहेर राहते. आमच्या इंजिनात मात्र इनटेकमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतला जातो. तिथे फटीतून हवा शिरली तर दाब वाढतो, तो सेन्सरला दिसतो, कॉम्प्युटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो आणि दिसणारे लक्षण असते ते चढलेल्या आयडलचे. आमचा आयडल तर घड्याळासारखा स्थिर होता. इनटेकवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून फेरे बदलतात का, हे पाहण्याची एक प्रचलित पद्धत आहे. सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाशेजारी तो ज्वालाग्राही फवारा मारण्याची माझी छाती झाली नाही, आणि वरील कारणाने त्याची गरजही वाटली नाही.

ज्या गोष्टीने खरी दिशा दिली ती कोणत्याही पडद्यावर दिसत नव्हती. प्लग काढून पाहिले, तर चारांच्याही टोकांवर कोरडी काळी काजळी बसली होती. पेट्रोल खरोखर कमी पडत असेल तर प्लगचे पोर्सेलीन पांढरट, भाजल्यासारखे दिसते. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ॲव्हरेजही उतरले होते आणि सकाळी सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी आहे, प्लग म्हणतात जास्त आहे. दोघेही खरे बोलत असतील तर त्याचा एकच अर्थ निघतो, तो म्हणजे कॉम्प्युटरला मिळणारी बातमी चुकीची आहे. सेन्सर नवा होता, त्याचे व्होल्टेज वरखाली होत होते, तेव्हा दोष सेन्सरचा नव्हता. सेन्सरला दिसणारा जास्तीचा ऑक्सिजन इंजिनातून येतच नव्हता, तो बाहेरून शिरत होता.

धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपात बाहेरची हवा आत कशी शिरेल, ही शंका रास्त आहे. एक्झॉस्टमधला धूर सलग वाहत नाही, तो सिलिंडरगणिक धक्क्याधक्क्याने जातो. आयडलवर दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर दाब वातावरणाच्या खाली जातो आणि फट असेल तर तेवढ्यात हवा आत ओढली जाते. फेरे वाढले की धक्के जवळजवळ येतात, प्रवाह वाढतो आणि हे ओढणे जवळपास थांबते. आयडलवर बावीस आणि 2500 वर सात-आठ, हे गणित इथे चपखल बसत होते. आता फट सापडायची राहिली होती, आणि तीही सेन्सरच्या आधी, म्हणजे इंजिनच्या हेडपासून सेन्सरपर्यंतच्या त्या वीतभर जागेत.

हे सगळे मी नाशिकमधल्या अंबडकडच्या एका मिस्त्रींना सांगितले. त्यांचा सारा जन्म व्हॅन आणि टेम्पो खोलण्यात गेला आहे, आणि स्कॅनरवर त्यांची फारशी भक्ती नाही. त्यांनी आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, गाडी रात्री इथेच सोडा. तुम्ही चालवत आणाल तर ती तापून येईल, मग मला काय ऐकू येणार? सकाळी मी थंडच चालू करतो, तुम्ही फक्त वेळेवर या.”

डिसेंबरअखेरची सकाळ होती. निफाडच्या पाऱ्याची बातमी रोज पेपरात येते ते दिवस. मिस्त्रींनी पुढची सीट आधीच उचलून ठेवली होती. किल्ली फिरवताच इंजिनच्या एका कडेकडून बारीक, कोरडी टिकटिक ऐकू आली, आणि थोड्याच वेळात, मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा हेडवरचा पाइप, तापू लागल्यावर, ती विरत गेली. धातू तापून फुगतो आणि फट बरीचशी मिटते. दुपारी गॅरेजमध्ये तापून पोहोचलेली गाडी आजवर कोणालाच काही का बोलली नाही, ते तेव्हा उलगडले. इंजिन बंद करून ते गार होऊ दिल्यावर मिस्त्रींनी ब्लोअरची नळी फडके गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात बसवली आणि ब्रशने मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावत गेले. शेवटच्या सिलिंडरपाशी फेस फुगून आला. बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले तर तिथे पॅकिंगच्या कडेला पंख्यासारखी पसरलेली काजळीची रेघ होती, आणि मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणाऱ्या स्टडांपैकी कडेच्या स्टडचा नट जागेवर नव्हता. स्टडच तुटलेला होता. मॅनिफोल्ड तापताना आणि निवताना सर्वांत जास्त सरकते ते टोकांना, म्हणून टोकाचेच स्टड आधी तुटतात, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले आणि ते पटण्यासारखे आहे.

पुढचे काम कारागिरीचे होते. तुटलेल्या स्टडचे थोडे टोक बाहेर होते, त्यावर नट वेल्डिंग करून तो फिरवून काढला. मॅनिफोल्डची बैठक वाकली आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिले. नवी पॅकिंग आणि नवा स्टड बसवून नट मधून कडेकडे या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. मजुरीसह जो खर्च आला तो आधी बदललेल्या सेन्सरच्या निम्माही नव्हता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पुढच्या सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत मॅनिफोल्डची गळती हा नुसता ॲव्हरेजचा प्रश्न राहत नाही. त्या फटीतून हवा आत जाते तसा धूरही बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि थंडीत आपण काचा बंद करून बसतो. सीटखालच्या झाकणाचे रबर जुने झाले असेल तर हा वायू माणसे बसतात तिथवर येऊ शकतो. दिव्यावर काळी पट्टी चिकटवून गाडी चालवणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत, आणि ‘पिवळा आहे ना, लाल नाही, चालू द्या’ हा युक्तिवाद मी नाशिकमध्येच अनेकदा ऐकला आहे. पॅकिंगबरोबर आम्ही त्या झाकणाचे रबरही बदलून घेतले.

काम झाल्यावर मिस्त्रींनी कोड उडवला, या वेळी योग्य कारणाने. त्यानंतर मी दिव्याकडे न पाहता ट्रिमकडे पाहत राहिलो. थंड सुरुवातीनंतरच्या आयडलवर बेरीज अधिक सहा-सातवर स्थिरावली आणि 2500 फेऱ्यांवरही ती तितकीच आहे. तेवढा वाटा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा मानायला माझी हरकत नाही. टिकटिक गेली, ॲव्हरेज बरेचसे परत आले. एक शंका मात्र शिल्लक आहे. इतके दिवस जास्तीचे पेट्रोल पचवताना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापला असणार, आणि त्याने त्याचे आयुष्य कमी होते. कन्व्हर्टरनंतरच्या मागच्या सेन्सरचे व्होल्टेज सध्या 0.6 ते 0.7 च्या दरम्यान जवळजवळ सपाट आहे, म्हणजे कन्व्हर्टर काम करतो आहे. ते पुढच्या सेन्सरसारखे वरखाली होऊ लागले तर पी 0420, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, फार दूर नसेल. तो आलेख मी महिन्यातून एकदा मोबाइलवर साठवून ठेवतो.