पैसा कथाईन उना?

‘माझा प्रवास’ मला आवडलं ते सत्तावन्नच्या बंडापेक्षा त्यातल्या भटजींच्या दक्षिणेमुळे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, तिथे चार पैसे गाठीला बांधता येतील, इतका साधा बेत. मध्ये बंड आडवं आलं. झाशीत अडकले, कत्तल पाहिली, लुटले गेले, जीव वाचवून शेवटी आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. राणी त्यात आहेच, पण भटजींचा एक हात सतत कनवटीला. कोणी काय दिलं, किती उरलं, कुठे गेलं. झाशीची लूटसुद्धा ते जिन्नसवार सांगतात: सोनंनाणं, भांडी, कापडचोपड, धान्य. चिं. वि. वैद्यांनी हे १९०७ मध्ये छापलं, त्यांचे उपकार. नाहीतर कर्जबाजारी भिक्षुकाच्या डोळ्यांनी ते वर्ष आपल्याला कोणी दाखवलं असतं?

पुस्तकात पैसा शोधायची ही खोड घरचीच. वडील कापसाच्या जिनिंगात मुनीम होते, खेडा खरेदीच्या, म्हणजे गावोगाव घेतलेल्या कापसाच्या, चिठ्ठ्या आमच्या जेवायच्या पाटाशेजारी पडलेल्या असत. आणि आजी, म्हणजे माय, तर कहरच. मी मोठ्याने राजपुत्राची गोष्ट वाचतोय, राजपुत्र घोड्यावरून सात समुद्रांकडे निघालाय, की गोधडीतली सुई थांबवून ती विचारणार, “घोडाले चारा कोन टाके?” आणि राजपुत्राने वाटेत सोन्याची मोहोर दिली की, “पैसा कथाईन उना?” म्हणजे पैसा आला कुठून? गोष्ट तिथेच बसायची. आता मीही पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा हेच बघतो. आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराशी, वर्षाच्या गड्याशी, बोली होते तेव्हा वर्षाचे पैसे, दाणे, कपडे, सगळं आधी ठरतं, मग तो वावरात पाय ठेवतो. पुस्तकानेही पहिल्या पन्नास पानांत एवढं ठरवून टाकावं.

परवाच एक पुस्तक अर्ध्यात परत केलं. नाव घेत नाही. चाळिशीतला माणूस नोकरी सोडतो, हिमालयात जातो, तिथे त्याला बरंच काही उमगतं. घराचा हप्ता कोण भरतंय, हे मात्र दीडशे पानं झाली तरी कळेना. शांती मिळते हो, पण बायकोच्या पगारावर मिळत असेल तर तसं लिहा!

त्यापेक्षा अगाथा ख्रिस्ती परवडली. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, १९२६ चं. गावातला श्रीमंत माणूस मरतो आणि त्याच्या भोवतीचे बहुतेक सगळे पैशाच्या तंगीत. कोणाची उधारी, कोणाचा डोळा मृत्युपत्रावर. बाई इतका चोख ताळेबंद मांडतात की आमचे वडील खूश झाले असते. शेवट सांगत नाही. पण ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पायरो त्यात निवृत्त होऊन गावात भोपळे लावायला आलाय आणि वैतागून त्यातलाच एक कुंपणापलीकडे भिरकावतो, ते वाचून मी एकटाच हसत बसलो. निवृत्तीनंतर शेती करणारे आमच्याकडेही आहेत. त्यांचं पीकही साधारण असंच कुंपणाबाहेर जातं.

‘एक होता कार्व्हर’ पुन्हा वाचलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ चं, आमच्या पिढीने बक्षीस समारंभात मिळवलेलं. पहिल्याच पानांत हिशेब: पळवून नेलेलं गुलामाचं पोर एका घोड्याच्या बदल्यात परत मिळतं. पण कापसाच्या मुलखात बसून हे पुस्तक वाचणं वेगळं. सतत कापूस घेऊन थकलेली जमीन, बोंडं पोखरणारा सोंडकिडा, आणि कार्व्हर सांगतोय की भुईमूग लावा. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे कपाशीची काय दशा केली ते पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. नवल पुढे आहे. सगळ्यांनी शेंगा लावल्या, शेंगांचे ढीग झाले, घेणारं कोणी नाही. मग कार्व्हर प्रयोगशाळेत कोंडून घेतो आणि शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू काढतो. पुस्तक त्याच्यामागे आत शिरतं. मला बाहेर थांबायचं होतं, त्या ढिगाजवळ. ज्याने ऐकून शेंगा लावल्या त्याने त्या साली दुकानदाराला काय तोंड दाखवलं? पुस्तक चांगलंच आहे, मुलांना जरूर द्यावं. फक्त संताच्या चरित्रात उधारीची वही नेहमी मिटलेली असते.

याच्या बरोबर उलट ‘श्यामची आई’. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते म्हणून आमच्याकडे त्यांच्यावर जरा हक्क सांगतात, गोष्ट जरी कोकणातली असली तरी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. लोकांच्या लक्षात राहतात ते पायांना घाण लागू नये म्हणून आईने पसरलेले ओचे आणि डोळ्यांतलं पाणी. मी यंदा वाचली तेव्हा रडू आलं नाही, धाप लागली. कर्ज वाढतंय, वडिलांना ते दिसतंय पण मोठेपण सोडवत नाही, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, घरावर जप्ती येते. आईचं आजारपण आणि व्याज एकाच चालीने वाढत जातं. मातृप्रेमाचं पुस्तक म्हणून याची इतकी पारायणं झाली की हे मराठीतलं कर्जावरचं फार नेमकं पुस्तक आहे, हे कोणी बोलतच नाही. शेतकऱ्याच्या घरात ते या अंगाने वाचून बघा.

‘स्मृतिचित्रे’बद्दल नव्याने काय सांगायचं? नवऱ्याच्या, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या, हातात पैसा ठरायचा नाही, आणि तो न ठरल्याचा सगळा विनोद लक्ष्मीबाईंनी केला, कारण सोसायचंही त्यांनाच होतं. आपल्या धरणगावच्या ठोमऱ्यांना, म्हणजे बालकवींना, याच ओढग्रस्तीच्या घराने पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

एका मुद्द्यावर मात्र माझा मित्र, मराठीचा प्राध्यापक, माझ्याशी भांडतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. मी म्हणालो, सांगवीचा पांडुरंग पुण्यात काय करतो? वडिलांचे पैसे उडवतो. मेसचा कारभार अंगावर घेतो, तो अंगाशी येतो. बाप-लेकातला सगळा तिढा पैशात बोलतो.

“तू कादंबरी वाचतोस का वसुलीची नोटीस?”

“अरे, आपल्याकडचा बाप पोराशी दुसऱ्या कशात बोलतो?”

यावर तो गप्प बसला, कारण त्याचेही वडील केळीवाले. सकाळी रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव, एवढंच त्यांचं संभाषण. पण खरं सांगायचं तर ‘कोसला’त पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, तिथे माझी ही मोजपट्टी चालत नाही. त्या पानांवर कोणाला काही विचारावंसं वाटत नाही. १९६३ ची कादंबरी, वयाच्या पंचविशीतल्या माणसाने लिहिलेली, आणि ते दुःख अजून कोरडं झालेलं नाही. प्राध्यापकाला हे मी सांगितलेलं नाही, त्याला उगाच जोर चढेल.

सध्या जिम कॉर्बेट चालू आहे, ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’. पहिल्याच गोष्टीत गडी परीक्षेत उतरला: चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या मागे जायला तयार आहे, पण आधी तिच्यावर लावलेलं बक्षीस रद्द करा. पैशासाठी मारणारा म्हणवून घ्यायचं नाही. वा! मग प्रश्न आलाच, याचं घर कशावर चालतं? तर बिहारात गंगेकाठच्या मोकामे घाटावर रेल्वेचा माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवायचं कंत्राट, शेकडो हमाल हाताखाली. ते सगळं ‘माय इंडिया’त आहे म्हणतात. वाचनालयात विचारलं, तर कोणीतरी नेलंय आणि परत करीना. नेणाऱ्याचं नाव सांगायला ग्रंथपाल तयार नाहीत. मी रोज संध्याकाळी चक्कर मारतोय.