एंटरप्रायझ, नोंद चौथी: निळीने पकडलेली गळती

मागच्या नोंदीत बोट उलटी होती, आता सुलटी झाली आहे. एवढी बातमी द्यायलाही पावसाळा सरावा लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: बोट लाकडी, एंटरप्रायझ वर्गातली, शिडाची छोटी. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली, ४.०४ मीटर लांब, दोघांनी चालवायची. निळं शीड दिसलं की लांबूनच ओळखू येते. माझी रेवदंड्याच्या एका वाडीत झावळांखाली पडून होती. उजव्या कुशीला डोकं जाईल एवढं भगदाड, सुकाणू गायब, आणि सेंटरबोर्डच्या (तळातल्या फटीतून पाण्यात उतरणारी उभी फळी) पेटीपाशी दाभण टोचलं तर मुठीपर्यंत आत.

भगदाडाचं लवकर उरकतो. ६ मिलीमीटर मरीन प्लाय घेतला (आयएस ७१० या मानकाचा शिक्का स्वतः बघा, दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफच आहे’वर जाऊ नका). सांध्यासाठी कडांना एकास आठ उतार, म्हणजे जाडीच्या आठपट, ४८ मिलीमीटर. रंधा मारताना प्लायच्या थरांचे पट्टे उघडे पडतात. ते सरळ आणि समांतर आले की उतार जमला. पट्टा जिथे वाकडा तिथे खड्डा किंवा उंचवटा.

इपॉक्सीने (राळ आणि हार्डनर कालवून करायचा डिंक) मात्र दोन ऋतूंत दोनदा रडवलं. मे महिन्यात हौसेने २०० ग्रॅम एकदम कालवलं. ब्रश बुडवायच्या आत पेल्यातून धूर. तेव्हापासून ५० ग्रॅमच, तेही पसरट ताटलीत, म्हणजे उष्णता साठत नाही. जुलैत उलटा प्रकार: थर सुकला, पण वर तेलकट चिकटा. दमट हवेशी हार्डनरची गाठ पडली की हे होतं. आधी पॉलिश पेपर मारलात तर तो चिकटा आणखी चोळला जातो. साधं पाणी आणि भांड्यांची घासणी, मग कोरडं पुसून पेपर. इपॉक्सीचं घट्ट लुकण करायला सुताराच्या मशीनखालचा भुसा मैद्याच्या चाळणीने चाळला. चाळणी अर्थातच परत स्वयंपाकघरात गेली नाही. नवी आणून दिली, ती ‘रव्याची’ निघाली, त्याची बोलणी अजून चालू आहेत.

आता गळती. पेटीचा पुढचा कोपरा कुजलेला, म्हणून पाणी तिथूनच येतं असं मी धरून चाललो. तीन रविवार तो कोपरा कोरला, भरला, काच-कापड चढवलं. पाण्यात घातली, अर्ध्या तासात तळाशी तळं. शेजारचे तांडेलकाका बघत होते. म्हणाले, “आत कुठं ओलं दिसतं ते बघू नको रे. आतच पाणी ओत, बाहेर कुठं येतं ते बघ.”

बोट लाकडी घोड्यांवर चढवली, तळाला मधेही टेकू दिला, कारण पाणी जड: दहा बादल्या म्हणजे दीडशे किलो. मी पाचांवर थांबलो. त्यात कपड्यांची नीळ कालवली आणि खाली आडवा झालो. पुढचा कोपरा ठणठणीत कोरडा. चार-पाच मिनिटांनी पेटीच्या फटीच्या कडेला एक निळा थेंब लोंबला, पडला, दुसरा आला. तिथून वर हाताने चाचपत गेलो तर सेंटरबोर्ड ज्यावर फिरतो तो बोल्ट! त्याचं रबर वाळून खडखडीत, भोकातलं लाकूड उघडं. तिथून शिरलेलं पाणी लाकडाच्या रेषांमधून सरकत पुढच्या कोपऱ्यात मुरत होतं. तीन रविवार मी कुजलेल्या जागेची मलमपट्टी करत होतो, चोर एक हात मागे बसलेला.

उपाय: १० मिलीमीटरच्या बोल्टसाठी १६ चं भोक पाडलं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं, चार दिवसांनी त्याच्या मधोमध पुन्हा १० चं. बोल्टचा आता लाकडाशी संबंधच नाही. वायसर सायकलच्या ट्यूबचे, त्यावर पांढऱ्या चॉपिंग बोर्डमधून कापलेल्या चकत्या. (हो, तोही स्वयंपाकघरातला.) परत निळीची परीक्षा घेतली, रात्रभर एक थेंब नाही.

सुकाणू दोन ९ मिलीमीटर प्लाय चिकटवून केलं: पुढची कड गोल, मागची निमुळती. अडकवायच्या खुंट्या ८ मिलीमीटर स्टेनलेस स्टीलच्या सळीच्या. मी खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं ३१६ मागितलं होतं, वेल्डिंगवाल्याने बहुधा साधं ३०४ लावलं. खाडीच्या पहिल्याच फेरीनंतर चहाचे डाग पडावेत तसा गंज. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्हींना तो जवळपास सारखाच. दुसरी चूक माझीच: वरची-खालची खुंटी सारख्या लांबीच्या केल्या. हलत्या पाण्यात दोन्ही भोकं एकदम साधायची म्हणजे वाकून, डोळे मिटून सुईत दोरा. वरची १५ मिलीमीटर कापली. आता खालची आधी बसते, वरची मागून आपोआप.

वजन केलं, १०३ किलो. या वर्गाच्या बोटीला ९० पुरतात, तेव्हा शर्यतीचं नाव नको. डोलकाठी सरळ आहे, शीड विटून आभाळी झालंय आणि खालच्या कोपऱ्यात उंदरांनी खिडकी केली आहे. ठिगळाचं कापड मिळालं की पुढची नोंद. कुणी घरच्या शिलाई मशीनवर शीड शिवलं असेल तर सुई कितीची वापरली ते सांगा, माझ्या दोन मोडल्या.