नदीकाठचा मुका झरा

ज्वालामुखीच्या मुखाजवळच्या त्या कुंडावरून नजर हटत नव्हती. राखाडी चिखल रटरटत होता, गंधकाचा वास घशात बसत होता, वाफेच्या आवाजात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. भूऔष्णिक विहीर, म्हणजे जमिनीखालची उष्णता वर आणणारी विहीर, खोदायची ती इथेच, असं बरोबरच्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं.

मी पाणी तपासलं. पीएच 2.6. परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, तर पाणी जरासं धूसर झालं, बस. क्लोराइड जवळपास नाहीच. खोलातल्या तापलेल्या पाण्यात ते भरपूर असतं, म्हणजे हे खोलातलं पाणी नव्हे. खालून येते ती फक्त वाफ. तिच्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचं हवा लागून सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि वरच्यावर मुरलेलं पावसाचं पाणी तापून आम्लधर्मी बनतं. एरवी पाणी खोलात जितकं तापलेलं, तितकी खडकातली सिलिका त्यात जास्त विरघळते; पण हे आम्लधर्मी पाणी भोवतालचा खडक खातं, म्हणून त्यातल्या सिलिकावरून खालच्या तापमानाचा हिशेब मांडायचाच नसतो.

दुपारी चार किलोमीटर खाली नदीकाठी उतरलो. तिथला झरा 78 अंशांचा, ना आवाज ना वास. दगडांवर मात्र पांढऱ्या सिलिकाचं खरखरीत पुट चढलेलं. पीएच 7.1. सिल्व्हर नायट्रेटचा पहिलाच थेंब पडला आणि नळीत दूध नासावं तसा पांढरा साका धरला. माझ्या अंगावर काटा आला. एवढं क्लोराइड घेऊन येणारं पाणी खोल, तापलेल्या खडकात मुरून आलेलं असतं.

मग घाई केली नाही. पाणी गाळून एक बाटली तशीच ठेवली, धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल टाकलं आणि सिलिकाच्या नमुन्यात जागेवरच नऊ पट शुद्ध पाणी मिसळलं. ही पायरी मी पूर्वी एकदा गाळली होती. पाणी निवताना सिलिकाचे रेणू एकमेकांना चिकटले, प्रयोगशाळेत आकडा कमी भरला आणि मी तापमान तीसेक अंशांनी कमी सांगून बसले. तेव्हापासून ती बाटली मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

दोन आठवड्यांनी निकाल आले. सिलिका लिटरला 300 मिलिग्रॅम. सिलिकावरून खोलातलं तापमान काढणाऱ्या फोर्नियर यांच्या 1977च्या क्वार्ट्झ सूत्राने सुमारे 209 अंश. गिगेनबाख यांच्या 1988च्या सोडियम-पोटॅशियम सूत्राने सुमारे 250. हा फरक चूक नाही. वर येताना पाणी निवतं, थंड पाणी मिसळतं. सिलिका लवकर बदलते, तर सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर खोलातली आठवण जास्त काळ जपतं. काठावरच्या आणखी दोन झऱ्यांत क्लोराइड-बोरॉनचं प्रमाण तेच निघालं आणि मुखाच्या दिशेने जावं तसं सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर घटत गेलं, म्हणजे तिकडे पाणी जास्त तापलेलं. पाणी एकाच साठ्यातलं, आणि ते वरून खाली पसरत आलेलं.

म्हणजे विहीर झऱ्यापाशी खोदूनही चालणार नव्हतं, तिथवर पाणी निवलेलं असतं. नकाशावर खूण वरच्या उतारावर सरकली. पण वाफेतल्या वायूंचे नमुने तपासल्याशिवाय जागा पक्की करायची नाही, यावर मी अडून राहिले, कारण आम्लधर्मी द्रव विहिरीच्या पोलादी नळ्या खाऊन टाकतो. पुढच्याच आठवड्यात वायूच्या बाटल्या पाठीवर घेऊन आम्ही पुन्हा त्या कुंडाकडे चढलो.