भूपाचा गंधार अखेर लागला!

मंडळी, तीन आठवडे छळणारा गंधार काल रात्री सापडला!

मागे लिहिलं होतं तसं, ट्यूनर ॲपवर (सूर बरोबर लागला की हिरवं होणारं) भूप रागाचा ग, म्हणजे गंधार, हिरवा होईपर्यंत रोज अर्धा तास घासत होते. व्हायला लागलाही हिरवा, पण क्लासला ताई दर वेळी म्हणायच्या, "गंधार चढतोय गं, जरा खाली घे." आणि घरी खाली घेतला की ॲप लाल. काल वैतागून फोन बाजूला ठेवला, आईचा तानपुरा काढला, जवारीचा (तारेचा झंकार खुलवणारा) दोरा सरकवत बसले आणि एका क्षणी खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार असा काही बोलला की अंगावर काटा आला. त्यातच आवाज मिसळला, रेकॉर्ड केलं, प्राट (Praat) या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. माझ्या पट्टीचा, काळी चारचा सा २०७.६ हर्ट्झ, माझा ग २५९.५, म्हणजे बरोब्बर ५:४! ॲप मागत होतं २६१.६, म्हणजे पेटीचा, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून आलेला, १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा ग. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली त्यामागे हीही एक तक्रार होती, ती आता गळ्याने कळली. 'जस्ट'चा, म्हणजे ५:४ सारख्या नैसर्गिक गुणोत्तरांच्या स्वरांचा, पर्याय सेटिंगमध्ये कुठेतरी तीन पानं आत दडवलाय, रागसंगीतासाठी म्हणून ॲप विकता तर तो पहिल्या पानावर नको का?

पण आज सकाळी परत तेच. सेटिंग बदलल्यावर स्क्रीनकडे बघून ग एकदम नेमका, डोळे मिटले की ९ सेंट चढा. म्हणजे इतके दिवस शिकत होते ते डोळे, कान नाहीच! त्यामुळे आता ग्राफ गाताना बघायचाच नाही, डोळे मिटून पाच टेक आणि मग एकदम तपासायचं.

अंकी (Anki) या फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये स्वरलिपीचे फोटो टाकून ६० कार्डं केली होती ना, ती पण, हे लिहितानाच सुचतंय, आवाजाची करायला हवीत. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त दहा सेकंद तानपुरा आणि "ग लाव", मागच्या बाजूला ताईंचा ग (क्लासचं रेकॉर्डिंग आहे, त्यांना विचारून घेते). १, ३, ७ दिवसांनी तोच ग परत लागला तरच पक्का धरायचा.

देसकार राग या महिन्यात धरणार होते, तो पुढे ढकलला. स्वर भूपाचेच पाच, पण तिथे वादी (मुख्य स्वर) धैवत, ग असा डळमळीत असताना दोन्ही राग एकमेकांत मिसळतील.

रात्रीत तानपुऱ्याची पंचमाची तार उतरलीये, आधी ती लावते.